जोसेफ ब्रामा

पायाला मोठी दुखापत झाली की माणसाला वाटते, आता आपले कसे होणार? जोसेफ ब्रामाच्या आयुष्याला अशाच एका दुखापतीने वळण दिले.

जोसेफचा जन्म १७४८ च्या सुमारास इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. तोही शेतकरीच झाला असता. परंतु सोळाव्या वर्षी त्याचा पाय जायबंदी झाला. शेतातील कष्ट त्याला झेपेनात. तेव्हा तो सुतारकाम शिकला आणि पुढे लंडनला गेला. हातातील हुन्नर हीच त्याची दौलत होती. १७८४ साली त्याने एक नवे कुलूप तयार केले. हे कुलूप किल्लीवाचून उघडणाऱ्यास २०० गिनी बक्षीस, अशी पाटी पुढे त्याच्या दुकानात झळकली. ते बक्षीस जिंकले गेले ते थेट १८५१ साली!

१७९५ साली त्याने पाण्याच्या दाबावर चालणारे दाबयंत्र शोधून काढले. त्यामागील नियम पास्काल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितला होता. बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. समजा, लहान दट्ट्याचे क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर आणि मोठ्याचे २० चौरस सेंटिमीटर आहे. लहान दट्ट्यावर ५ किलो वजन ठेवले, तर मोठा दट्ट्या १०० किलो तोलून धरतो. मात्र मोठा १ सेंटिमीटर वर चढण्यासाठी लहान २० सेंटिमीटर खाली जावा लागतो.

यंत्र तर झाले, पण दट्ट्याच्या कडेने पाणी गळू लागले. फट घट्ट बुजवावी, तर दट्ट्या हलेना. सैल ठेवावी, तर दाब टिकेना. ब्रामाच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ले या तरुण कारागिराने ही अडचण सोडवली, असे मानले जाते. त्याने वाटीसारखा कातडी वायसर बसवला. दाब वाढला की वाटीची कड आपोआप दट्ट्याला चिकटे. दाब उतरला की सैल होई. याच मॉडस्लेने पुढे पगारवाढ मागितली, तेव्हा ब्रामाने ती नाकारली. मॉडस्लेने १७९७ साली स्वतःचा कारखाना काढला आणि तोही नामांकित झाला. ब्रामा १८१४ साली मरण पावला.

आपल्या सुकापूर-पनवेल भागातील गॅरेजांत मोटार उचलणारा चाकांचा जॅक याच नियमावर चालतो. फक्त पाण्याऐवजी त्यात तेल असते. असा जुना जॅक तुमच्या घरी पडून असेल, दांडा मारूनही वर येत नसेल, किंवा वर येऊन हळूहळू खाली बसत असेल, तर तो भंगारात देण्याची घाई करू नका. पुष्कळदा लोखंड शाबूत असते. झिजलेला असतो तो वायसर. जाणत्या माणसाबरोबर जॅक खोला. जुने तेल काढा, गाळ पुसा, त्याच मापाचा वायसर बसवा आणि जॅकचे तेल भरा. मग झडप सैल करून दांडा काही वेळा हलवा, म्हणजे आतील हवा निघून जाईल. मात्र जॅक कितीही चांगला झाला, तरी पक्का टेकू दिल्याशिवाय गाडीखाली कधीही जाऊ नका. सारा भार एका लहानशा वायसरवर असतो.