ऑर्गनवादक लुई ब्रेल

लुई ब्रेल म्हटलं की आपल्याला सहा ठिपक्यांची लिपी आठवते. पण ब्रेल हे पॅरिसच्या एका चर्चचे ऑर्गनवादक होते, आणि त्यांच्या लिपीत अक्षरांच्या बरोबरीने संगीताचीही सोय होती, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असतं.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसजवळच्या कुव्रे गावात झाला. वडील घोड्यांचे चामडी साज बनवायचे. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या हत्याराशी खेळताना त्याच्या एका डोळ्याला इजा झाली. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यालाही झाला आणि पाचव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्ण गेली. तरी गावच्या फादरांनी त्याला शिकवलं आणि गावातल्या साध्या शाळेत इतर मुलांबरोबर बसायला जागा मिळवून दिली. १८१९ मध्ये, दहाव्या वर्षी, तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत दाखल झाला.

तिथे संगीत शिकवलं जायचं. लुई पियानो, चेलो आणि ऑर्गन शिकला. अडचण एकच होती: वाचायला होती ती उठावाची मोठमोठी नेहमीची अक्षरं. ती बोटांनी वाचायला वेळ लागायचा आणि मुलांना स्वतः लिहिता तर येतच नसे. १८२१ मध्ये शार्ल बार्बिए या माजी सैनिकी अधिकाऱ्याची बारा ठिपक्यांची पद्धत शाळेत आली. ती उच्चारांवर बेतलेली होती. तिच्यात स्पेलिंग नव्हतं, विरामचिन्हं नव्हती आणि संगीतही नव्हतं. लुईने बाराचे सहा ठिपके केले. एक खूण बोटाच्या एका स्पर्शात मावू लागली. तेव्हा तो अवघा पंधरा वर्षांचा होता!

१८२९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्याच्या नावातच शब्द, संगीत आणि चर्चमधलं साधं गायन या तिन्हींचा उल्लेख आहे. पुढे या संगीतलिपीत सुधारणा होत गेल्या. आज तिच्यात वरचे चार ठिपके सूर सांगतात आणि खालचे दोन तो किती वेळ धरायचा ते सांगतात. १८३३ मध्ये ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाले आणि पुढे सॅं-निकोला-दे-शां चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागले.

मात्र १८४० नंतर शाळेच्या नव्या प्रमुखांनी या लिपीवर बंदी घातली. डोळसांना वाचता येणार नाही अशी लिपी अंधांना वेगळं पाडेल, असं त्यांना वाटत होतं. मुलं ती चोरून वापरत राहिली. शेवटी सहप्रमुख जोसेफ गादे तिच्या बाजूने उभे राहिले आणि १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनात ती सर्वांसमोर करून दाखवण्यात आली. ६ जानेवारी १८५२ रोजी ब्रेल क्षयाने गेले. शाळेने लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती त्यानंतर दोन वर्षांनी.

याच शाळेत शिकलेला लुई व्हिएर्न पुढे पॅरिसच्या नामांकित संगीत महाविद्यालयात गेला आणि १९०० पासून नोत्र दामचा मुख्य ऑर्गनवादक झाला. त्याची दृष्टी जन्मापासूनच फार अधू होती. म्हणजे उच्च शिक्षणाचं दार उघडलं, की पुढे काय होतं ते जगाने पाहिलं आहे.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा ठेवल्या आहेत. पण प्रवेश मिळाला म्हणजे झालं का? बघा, डोळस विद्यार्थी नोटेशनचा कागद समोर ठेवून वाजवतो. ब्रेलमध्ये वाचणारी बोटंच वाजवणारी असतात. एका हाताने वाचायचं, दुसऱ्याने वाजवायचं, मग उलट, आणि सगळं पाठ झाल्यावर दोन्ही हातांनी. त्यामुळे ब्रेलमधलं नोटेशन परीक्षेच्या आठवड्यात हातात येऊन उपयोग नाही, ते सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी लागतं. नाटकाच्या संहितेचंही तेच. आणि नृत्याच्या वर्गात नुसतं 'असं करा' म्हणून चालत नाही, हात कुठे आणि पाय कुठे ते शब्दांत सांगावं लागतं.

१९५२ मध्ये ब्रेल यांचे अवशेष सन्मानाने पॅरिसच्या पॅंथिऑनमध्ये नेले. हात मात्र कुव्रे गावाने स्वतःकडे ठेवून घेतले.