करुणेला श्रमाची जोड देणारे बाबा आमटे

नागभीडहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मूल हे गाव लागते. याच मूल तालुक्यातील जंगलात १९६७ साली सोमनाथ प्रकल्प उभा राहिला. समाजाने घराबाहेर काढलेल्या कुष्ठरुग्णांनी तेथील जमीन लागवडीखाली आणली व धान पिकविले. या कार्यामागील प्रेरणा होती मुरलीधर देविदास आमटे, अर्थात बाबा आमटे यांची.

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे एका सधन जमीनदार कुटुंबात झाला. त्यांनी वरोरा येथे वकिली केली. इंग्रज सैनिकांना न घाबरणारा हा तरुण महात्मा गांधींच्या दृष्टीने अभय साधक होता. मात्र एका पावसाळी रात्री रस्त्याच्या कडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण पाहून तेच बाबा भयभीत होऊन घरी परतले. ही भीती त्यांना स्वस्थ बसू देईना. ते माघारी गेले, तुळशीरामला निवारा दिला आणि त्याच्या अखेरच्या क्षणापर्यंत त्याची शुश्रूषा केली. ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ जाणे, हीच करुणेची पहिली पायरी होय, असे आम्हांस वाटते.

पुढे कोलकात्यास जाऊन बाबांनी कुष्ठरोगाच्या उपचारांचे शिक्षण घेतले. १९५१ साली पत्नी साधनाताई, दोन लहान मुले व सहा रुग्णांसह ते वरोऱ्याजवळील खडकाळ माळावर राहावयास गेले. आनंदवन ते हेच. रुग्णांनी विहिरी खणल्या, भाजीपाला पिकविला. पण तो विकत घ्यावयास गावकरी धजेनात. त्या दशकात विविध देशांतील स्वयंसेवक येऊन रुग्णांसोबत राबले व जेवले, तेव्हा लोकांच्या मनातील भीती हळूहळू ओसरली. औषधाने रोग बरा होई, परंतु गमावलेला सन्मान परत मिळे तो श्रमाने. भिक्षेने माणूस जगतो खरा, पण मनाने खचतो, हे बाबांनी ओळखले होते.

१९७३ साली भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे माडिया बांधवांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. त्याची धुरा पुत्र डॉ. प्रकाश व स्नुषा डॉ. मंदाकिनी यांनी सांभाळली. पाठीच्या कण्याच्या व्याधीमुळे बाबांना बसणेही अशक्य झाले होते, तरीही त्यांचे कार्य थांबले नाही. १९८५ साली मॅगसेसे व १९९० साली टेम्पलटन पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले व तेथील मातीतच त्यांचे दफन करण्यात आले.

आजही चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आढळतात. या रोगावर खात्रीचे उपचार उपलब्ध आहेत, परंतु अंगावरील चट्टा लपविला जातो तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भीतीने. प्रभू येशूच्या दाखल्यातील शोमरोनी मनुष्य वाटेत थांबला, तसे आपणही थांबावे. आपल्या गावातील अशा बंधुभगिनींना वेळीच दवाखान्यात न्यावे व बरे झाल्यावर कामावर आणि पंगतीत मानाने बसवून घ्यावे. बाबांचे स्मरण याहून चांगल्या रीतीने कसे करणार?