सॉल बॅस: सिनेमाच्या श्रेयनामावलीला जिवंत करणारा डिझायनर

8 मे 2013 ला तुम्ही गूगल उघडलं असेल, तर कदाचित आठवेल. लोगोच्या जागी एक छोटा अ‍ॅनिमेटेड व्हिडिओ होता. कागद कापून बनवल्यासारखे आकार, गरगरणारी वर्तुळं, सरकणाऱ्या पट्ट्या आणि मागे डेव्ह ब्रुबेक यांचं जॅझ. ते डूडल सॉल बॅस यांच्या 93 व्या जयंतीचं होतं. नाव ओळखीचं वाटत नसेल तरी त्यांचं काम तुम्ही बहुतेक पाहिलेलं आहे. एटी अँड टी कंपनीचा पट्ट्यापट्ट्यांचा गोल लोगो (1983) त्यांचाच. पण आज आपण बोलणार आहोत सिनेमाच्या टायटल्सबद्दल, आणि त्याच चित्रांमुळे आजही संग्राहकांना हव्या असणाऱ्या एलपी रेकॉर्ड्सबद्दल.

बॅस यांचा जन्म 1920 साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. पुढे ब्रुकलिन कॉलेजमध्ये त्यांना जॉर्जी केपेश हे हंगेरियन शिक्षक भेटले. कमी रेषांत जास्त सांगायचं, ही युरोपातली आधुनिक डिझाइनची दृष्टी त्यांना तिथे मिळाली. चाळिशीच्या दशकात ते लॉस एंजेलिसला गेले आणि सिनेमाच्या जाहिराती करू लागले.

पडदा बंद, टायटल्स सुरू

त्या काळात टायटल्सना काही किंमत नव्हती. थिएटरचा कापडी पडदा अजून बंद असायचा, लोक पॉपकॉर्न घेऊन जागा शोधत असायचे आणि नावं त्या कापडावरच उमटून निघून जायची. दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजर यांच्या 'कारमेन जोन्स'साठी (1954) बॅस यांनी पोस्टरवरचं गुलाब आणि ज्वाळेचं चिन्ह टायटल्समध्ये हलतं केलं. पुढच्याच वर्षी आला 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'. फ्रँक सिनात्रा यांनी त्यात हेरॉइनच्या व्यसनात अडकलेला माणूस केला होता. विषय त्या काळासाठी भलताच धाडसी. बॅस यांनी सिनात्रांचा चेहरा न वापरता कागदातून कापलेला एक वेडावाकडा हात घेतला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या पट्ट्या येतात, एल्मर बर्नस्टाइन यांचं जॅझ सुरू होतं आणि शेवटी त्या पट्ट्यांचा हात होतो. या फिल्मच्या डब्यांवर प्रोजेक्टर चालवणाऱ्यांसाठी सूचना होती, की टायटल्सच्या आधी पडदा उघडा. टायटल्स हा सिनेमाचाच भाग आहे, हे थिएटरवाल्यांना अशा प्रकारे सांगावं लागलं.

विमानविरोधी तोफेचं यंत्र आणि 'व्हर्टिगो'

आता आपल्या आवडीचा भाग. हिचकॉक यांच्या 'व्हर्टिगो'मध्ये (1958) एका स्त्रीच्या डोळ्यातून रंगीत वेटोळी बाहेर येतात आणि फिरत राहतात. ही वेटोळी हाताने काढलेली नाहीत. त्यामागे होते जॉन व्हिटनी. दुसऱ्या महायुद्धानंतर भंगारात निघालेलं विमानविरोधी तोफांचं नियंत्रक यंत्र त्यांनी चित्रं काढायला जुंपलं होतं.

असं यंत्र मुळात करायचं काय? विमान आत्ता आहे तिथे गोळा डागून उपयोग नाही. गोळा पोहोचेपर्यंत ते जिथे असेल तिथे डागावा लागतो. हे गणित दातेरी चाकं आणि कॅम यांच्या साहाय्याने सतत सोडवणारा तो मेकॅनिकल अ‍ॅनालॉग कॉम्प्युटर. ना स्क्रीन, ना प्रोग्रॅम. पण अगदी मोजून-मापून, एकसारखी गती देण्यात पक्का.

वेटोळ्यांमागचं गणित मात्र सोपं आहे. एक पेन्सिल डावी-उजवीकडे हलते आणि त्याच वेळी वर-खाली हलते असं समजा. दोन्ही वेग सारखे असले तर वर्तुळ, लंबवर्तुळ किंवा तिरकी रेघ मिळते. एक वेग दुसऱ्याच्या दुप्पट केला, की आडव्या आठासारखा आकारही मिळतो. 2:3, 3:4 असे वेग घेतले की आकृती आणखी गुंतागुंतीची होते. यांना लिसाजू आकृत्या म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून. आता पेन्सिल लोलकाला बांधा. घर्षणामुळे झोका हळूहळू लहान होतो आणि रेघ आत आत जात वेटोळं तयार होतं. खालचा कागदही फिरवला तर विचारूच नका. सिनेमाचा नायक उंचीला घाबरणारा, एकाच ध्यासाभोवती फिरणारा; त्याला याहून नेमकं चित्र मिळणं कठीण होतं.

पण 'व्हर्टिगो'च्या टायटल्समध्ये डिझायनर म्हणून नाव येतं ते बॅस यांचं. व्हिटनी यांचं नाव तिथे नाही. सगळ्यांना श्रेय द्यायचं असतं त्या यादीतच हे व्हावं, हे मला तरी खटकतं.

श्रेयाचा हा प्रश्न नंतर बॅस यांच्यावरच उलटला. 'सायको'मध्ये (1960) त्यांनी टायटल्स केली आणि शॉवरच्या प्रसंगाचे स्टोरीबोर्डही काढले. पुढे तो प्रसंग आपणच दिग्दर्शित केल्याचा दावा त्यांनी केला. अभिनेत्री जॅनेट ली आणि सेटवरच्या इतरांनी तो साफ नाकारला. रेखाटनं बॅस यांची, दिग्दर्शन हिचकॉक यांचं, असंच मानणं मला योग्य वाटतं.

एलपीचं कव्हर

बॅस यांची युक्ती अशी, की एका सिनेमासाठी एकच चिन्ह. तेच वर्तमानपत्रात, पोस्टरवर, पडद्यावर आणि 12 इंची एलपीच्या कव्हरवर. मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्यांना हे कळणार नाही, पण एवढ्या मोठ्या चौकोनावर तो कापलेला हात समोर धरला की सिनेमाची पहिली दोन मिनिटं डोळ्यांपुढे येतात. 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर'चं (1959) कव्हर पाहा: तुकड्यांत कापलेली माणसाची आकृती, आणि आत ड्यूक एलिंग्टन यांचं संगीत, ज्याला तीन ग्रॅमी मिळाले. संग्रहाची सुरुवात करायची तर मी हीच रेकॉर्ड सुचवीन.

'व्हर्टिगो'च्या एलपीची तर वेगळीच गंमत. अमेरिकेत वादकांचा संप सुरू होता, म्हणून बर्नार्ड हरमन यांचं संगीत लंडनला ध्वनिमुद्रित करायचं ठरलं. तिथल्या वादकांनीही संपाला पाठिंबा देऊन काम थांबवलं, मग उरलेलं व्हिएन्नात झालं. लंडनचा भाग स्टिरिओ, व्हिएन्नाचा मोनो. संग्राहक लोक एवढ्यावर तासन् तास बोलू शकतात!

साठच्या दशकानंतर बॅस टायटल्सपासून दूर गेले. लोगो केले, 'व्हाय मॅन क्रिएट्स' (1968) या लघुपटासाठी ऑस्कर मिळवलं, 'फेज फोर' (1974) हा एकमेव पूर्ण लांबीचा सिनेमा दिग्दर्शित केला आणि तो पडला. पुढे त्यांचे सिनेमे बघत वाढलेल्या मार्टिन स्कॉर्सेसी यांनीही त्यांच्याकडून टायटल्स करून घेतली. 'केप फिअर'ला (1991) हरमन यांचं जुनं संगीत नव्याने बसवलं ते 'गोल्डन आर्म'वाल्या बर्नस्टाइन यांनी, आणि टायटल्स बॅस यांची. 'कसीनो' (1995) हे स्कॉर्सेसींबरोबरचं शेवटचं काम. 25 एप्रिल 1996 ला बॅस गेले.

या शेवटच्या कामांत एक बदल दिसतो. पत्नी इलेन पन्नाशीच्या दशकापासून त्यांच्या स्टुडिओत काम करत होत्या, पण बाहेर नाव एकट्या सॉल यांचंच व्हायचं. 'द एज ऑफ इनोसन्स'च्या (1993) टायटल्समध्ये नाव आहे इलेन आणि सॉल बॅस, त्याच क्रमाने.