ऑब्जेक्टचा जनक : क्रिस्टेन नायगार्ड

गेल्या वर्षी एका शिष्यवृत्तीच्या कामासाठी विद्यार्थ्यांची यादी तयार करून देण्याचे मी अंगावर घेतले. माहिती जेसन मांडणीत होती, म्हणजे एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखी. विद्यार्थ्याच्या पोटात पत्ता, पत्त्याच्या पोटात गाव, गावाच्या पोटात त्याची मराठी व कन्नड अशी दोन नावे. शेजारी पालकांचा डबा आणि गुणांची यादी. प्रत्येक डब्यासाठी एक क्लास लिहायचा, सर्वांत आतल्या डब्याचा ऑब्जेक्ट आधी करायचा, मग तो बाहेरच्याच्या हाती द्यायचा, अशी ही रीत. आज्ञावली पहिल्याच झटक्यात चालली, म्हणून मी खूष होतो. दुसऱ्या दिवशी एक मुलगा दारात उभा! त्याचे नाव यादीत नव्हते. तो लहानपणापासून मामाकडे वाढलेला. त्याच्या नोंदीत पालकांचा डबाच नव्हता, आणि जिथे डबा सापडत नाही ती नोंद माझी आज्ञावली मुकाट्याने वगळत होती.

चूक दुरुस्त केली, पण मन लागेना. हा ऑब्जेक्ट मुळात कोणी काढला, या शोधात क्रिस्टेन नायगार्ड भेटला.

त्याचा जन्म 1926 साली नॉर्वेमध्ये ओस्लोला झाला. 1948 पासून तो तेथील संरक्षण संशोधन संस्थेत होता. देशाच्या पहिल्या अणुभट्टीची आकडेमोड आणि पुढे लष्करी कामांचे नियोजन, हे त्याचे विषय. मोठ्या कामाचे वर्णन नीट करायला भाषाच नाही, ही त्याची अडचण तिथलीच. 1960 मध्ये तो नॉर्वेच्या संगणन केंद्रात आला, आणि ओले-योहान डाल या कुशल आज्ञावलीकाराच्या जोडीने 'सिम्युला' ही भाषा त्याने रचली. 1965 च्या सुरुवातीस ती युनिव्हॅक 1107 या यंत्रावर चालू लागली.

त्या वेळच्या अल्गोल भाषेत आज्ञांचा एक गट काम संपले की आपल्या माहितीसकट नाहीसा होई. या दोघांनी त्याला मरू दिले नाही. काम थांबले तरी तो आपली माहिती आणि आपली करणी जवळ बाळगून जिवंत राहतो, दुसऱ्याने हाक मारली की उठतो. हाच ऑब्जेक्ट. पुढे त्यांच्यासमोर पुलावरच्या टोलनाक्याचे कोडे होते. रांगेत ट्रकही आहेत, बसही आहेत. (आपल्या हत्तरगीच्या नाक्यावर ताटकळलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.) रांगेत उभे राहण्याचा भाग दोघांत सारखा, तर तो दोनदा का लिहावा? एकदाच लिहून ट्रक आणि बस या दोन्ही क्लासांना पाया म्हणून द्यावा, ही युक्ती निघाली आणि 'सिम्युला 67' जन्माला आली. त्याच वर्षी केंद्रात नव्याने आलेल्या कोणीतरी घाबरून टेलिफोनच्या बाईंना सांगितले म्हणे, की वर फळ्यापुढे दोन माणसे मारामारीवर आली आहेत. बाईंनी क्षणभर कान दिला आणि सांगितले, काळजी नको, ते दोघे सिम्युलाची चर्चा करताहेत! आपल्या प्रयोगशाळेत असे भांडण मी अजून ऐकलेले नाही.

नायगार्डच्या चरित्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग यानंतरचा. सिम्युला कामांची आखणी करायला वापरली जाऊ लागली, आणि त्याच्या ध्यानात आले की त्या वर्णनातल्या ठिपक्यांमागे खरे कामगार आहेत. कोणाचे काम अधिक कंटाळवाणे होणार, कोणावर पाळत वाढणार. दुसरा कोणी असता तर पुढची आवृत्ती काढत बसला असता. हा उठून लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेकडे गेला. 1971 ते 1973 ही वर्षे त्याने कामगारांबरोबर बसून, त्यांच्या कारखान्यात येणारी संगणकपद्धती त्यांनाच कशी समजेल व तिच्यावर त्यांना कसे बोलता येईल, यात घालवली. 1975 मध्ये नॉर्वेत कामगार महासंघ आणि मालकांची संघटना यांच्यात संगणकाच्या वापराविषयी करार झाला, त्यामागे हे काम होते. राजकारणातही तो मागे नव्हता. 1994 च्या सार्वमतात नॉर्वेने युरोपीय संघाला नकार दिला, तेव्हा विरोधी चळवळीचा अध्यक्ष हाच.

सिम्युला आज फारसे कोणी वापरत नाही. पण स्मॉलटॉक आणि सी प्लस प्लस तिच्यापासूनच स्फुरल्या, आणि जावा, पायथनपर्यंत तिचा वारसा आला. 2001 सालचे ट्युरिंग पारितोषिक नायगार्ड व डाल यांना मिळून मिळाले. 29 जून 2002 ला डाल गेला, 10 ऑगस्टला नायगार्ड. फळ्यापुढची जोडी सहा आठवड्यांत संपली.

माझ्या आज्ञावलीत आता एखादा आतला डबा नसला तर ती नोंद वगळत नाही. थांबते आणि त्या विद्यार्थ्याचे पूर्ण नाव पडद्यावर दाखवते. मग मी त्याला जाऊन विचारतो.