मेजर गिल आणि लेण्यातला अंधार

मेजर गिल म्हटले की आपल्याकडे लोकांना पारो आठवते. अजिंठा गावात तिची कबर आहे, तीवर १८५६ साल कोरलेले आहे. पण गिल हे मुळात चित्रकार होते, आणि त्यांचे निम्मे आयुष्य लेण्यांच्या अंधारात गेले, ही गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

रॉबर्ट गिल यांचा जन्म १८०४ सालचा. मद्रासच्या फौजेत ते अधिकारी होते. १८१९ मध्ये शिकारीस आलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली. पुढे १८४४ साली तेथील चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम ईस्ट इंडिया कंपनीने गिल यांच्याकडे सोपविले.

काम वाटते तितके सोपे नव्हते. पहिल्या लेण्याचे दालन सुमारे ६४ फूट चौरस, आत २० खांब, आणि उजेड काय तो बाहेरून येईल तेवढाच. तेथे चित्र भिंतीवर टांगलेले नाही. भिंती, खांब, छत मिळून सारे दालनच चित्र आहे. उन्हातून आत गेलेल्या माणसाला आधी काहीच दिसत नाही. डोळे सरावले की मग हळूहळू पद्मपाणी समोर येतो. गिल यांनी मूळ आकाराच्या कॅनव्हासवर तैलरंगांत ही चित्रे उतरविली.

त्या चित्रांखालचा गिलावा माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा, व त्यावर चुन्याचा पातळ हात. हे वाचले तेव्हा मला आमचे घर आठवले. दिवाळीआधी आई माती, भुसा व शेण कालवून भिंती लिंपते. घरातला थंडावा त्या भिंतींचाच असतो. कॅनव्हासवर रेषा आली, रंग आला. पण ती भिंत आणि तो थंडावा कसा येणार?

प्रतिकृती लंडनला गेल्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथील क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तेथे मांडलेल्या बहुतेक सर्व जळाल्या. इतक्या वर्षांची मेहनत राख झाली! तरीही साठी ओलांडलेले गिल पुन्हा लेण्यांत कामाला लागले. त्याआधीच ते कॅमेराही वापरू लागले होते. त्यांनी घेतलेल्या लेण्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक १८६४ मध्ये निघाले होते. त्यात नुसती चित्रे नाहीत, खांबांच्या रांगाही आहेत. १८७९ साली त्यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळला आहे.

आजचे कलावंत अख्खी खोलीच कलाकृती म्हणून उभी करतात. त्याला मांडणशिल्प म्हणतात. पाहणाऱ्याने बाहेर उभे न राहता आत शिरावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. आपल्या जिल्ह्याच्या शेजारी हे दीड हजार वर्षांपूर्वीच झाले आहे. तेव्हा मित्रहो, सहलीला अजिंठ्यास गेलात तर आत शिरताच पुढे धावू नका. डोळे सरावेपर्यंत गप्प उभे राहा. गिल यांनी तेथे वर्षे काढली. आपण पाच मिनिटे तरी काढू.