स्टेफान बानाख

विसाव्या शतकातील थोर गणितज्ञांत स्टेफान बानाख यांची गणना होते. त्यांचा जन्म ३० मार्च १८९२ रोजी क्राकूव्ह येथे झाला. त्या काळी पोलंड स्वतंत्र नव्हता. क्राकूव्ह ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात मोडत होते. त्यांचे वडील सैन्यात होते. आईवडिलांचा विवाह झालेला नव्हता. जन्मानंतर लवकरच आईचे छत्र दुरावले आणि लोकांचे कपडे धुऊन चरितार्थ चालवणाऱ्या एका स्त्रीने या बालकाचा सांभाळ केला.

गणिताची गोडी त्यांना शाळेतच लागली. १९१० मध्ये शालेय शिक्षण संपवून ते अभियांत्रिकी शिकण्यासाठी ल्वूव्ह येथे गेले. हे शहर आज युक्रेनमध्ये असून लविव या नावाने ओळखले जाते. तेथे शिकवण्या करून ते आपला खर्च भागवत. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि शिक्षण अर्धवट राहिले. दृष्टिदोषामुळे सैन्यात भरती न झालेल्या बानाख यांनी काही काळ रस्तेबांधणीच्या कामावर काढला. गणिताचा अभ्यास मात्र त्यांनी स्वतःच चालू ठेवला.

१९१६ मध्ये क्राकूव्हच्या एका उद्यानात ते मित्राशी गणिताची चर्चा करत बसले होते. तेथून जाणारे गणितज्ञ ह्यूगो स्टाइनहाउस तो विषय ऐकून थबकले. समाकलनाची नवी संकल्पना हे दोन तरुण सहजपणे हाताळत होते. स्टाइनहाउस यांनी आपल्याला न सुटलेला एक प्रश्न त्यांना सांगितला. बानाख यांनी तो थोड्याच दिवसांत सोडवला. १९२० मध्ये त्यांना ल्वूव्हच्या तंत्रशिक्षण संस्थेत साहाय्यकाची जागा मिळाली. हाती पदवी नसतानाही तेथील विद्यापीठाने त्यांचा प्रबंध स्वीकारून त्यांना डॉक्टरेट दिली.

१९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रबंधातच त्यांचे स्थिर बिंदूचे प्रमेय आहे. एखाद्या कृतीने कोणत्याही दोन बिंदूंमधील अंतर ठरावीक प्रमाणात घटत असेल, तर ती कृती पुन्हा पुन्हा केल्यावर आपण एकाच बिंदूकडे जातो. आरंभ कोठूनही केला तरी चालतो. तो अंतिम बिंदू त्या कृतीने जागचा हलत नाही. मात्र बिंदूंचा समूह ‘पूर्ण’, म्हणजे मध्ये कोठेही उणीव नसलेला, असावा लागतो. शहराचा नकाशा त्याच शहरातील जमिनीवर अंथरला, तर नकाशावरील नेमका एकच बिंदू आपण दाखवत असलेल्या जागेवर येतो.

२ चे वर्गमूळ काढण्याची प्राचीन रीत पाहा. एक संख्या घ्यावी, तिने २ ला भागावे आणि ती संख्या व भागाकार यांची सरासरी काढावी. याच सरासरीवर पुन्हा तीच कृती करावी. १ पासून आरंभ केल्यास १.५, मग १.४१६७, मग १.४१४२ अशी उत्तरे मिळतात. १० पासून आरंभ केला, तर पायऱ्या वाढतात. पण उत्तर तेच येते. साध्या गणनयंत्रावर कोणालाही हे पडताळता येते. ही रीत का यशस्वी होते, याचे कारण बानाख यांच्या प्रमेयात सापडते. प्रमेय उत्तराची ग्वाही तर देतेच, शिवाय ते शोधण्याचा मार्ग आणि उरलेल्या चुकीची मर्यादाही सांगते. म्हणून अवकल समीकरणे सोडवण्यापासून संगणकीय आकडेमोडीपर्यंत ते उपयोगी पडते.

प्राध्यापक झाल्यावर बानाख यांनी संशोधनाबरोबर शालेय पाठ्यपुस्तकेही लिहिली. ल्वूव्हच्या ‘स्कॉटिश कॅफे’त ते सहकाऱ्यांसह तासन्‌तास चर्चा करत. संगमरवरी मेजांवर लिहिलेली गणिते पुसली जाऊ नयेत, म्हणून १९३५ मध्ये त्यांच्या पत्नीने एक जाड वही आणून दिली. तीत प्रश्न नोंदवले जात आणि काहींना बक्षिसेही लावली जात. १९३६ मध्ये माझूर यांनी एका प्रश्नासाठी जिवंत हंस जाहीर केला. १९७२ मध्ये पेर एन्फ्लो या स्वीडिश गणितज्ञाने तो प्रश्न सोडवून हंस मिळवला.

१९४१ मध्ये जर्मन सैन्याने ल्वूव्ह घेतले. शहरातील अनेक प्राध्यापकांना गोळ्या घालण्यात आल्या. बानाख बचावले, परंतु टायफसची लस बनवणाऱ्या संस्थेत स्वतःचे रक्त पाजून उवा पोसण्याचे काम त्यांना करावे लागले. युद्ध संपले, तेव्हा ते फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासलेले होते. ३१ ऑगस्ट १९४५ रोजी त्यांचे निधन झाले.

अभियांत्रिकीची पदवी त्यांना अखेरपर्यंत मिळाली नाही. तरीही जगभरच्या विद्यापीठांतील गणिताचे विद्यार्थी आज ‘बानाख अवकाश’ अभ्यासतात.