संताजी जगनाडे : तुकोबांच्या गाथेचा स्टँडबाय

डेटाबेसची एक चालू प्रत दुसरीकडे ठेवतात, तिला स्टँडबाय म्हणतात. मूळ सर्व्हर, म्हणजे प्रायमरी, प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहितो. तोच लॉग स्टँडबायकडे जातो आणि तिथे तोच बदल पुन्हा होतो. चारकोपमध्ये बसून मी रोज हेच सांभाळतो. पण कुणाला समजवायचं झालं, तर मला सर्व्हरपेक्षा चाकणचा एक तेली जास्त उपयोगी पडतो.

संताजी जगनाडे यांचा जन्म १६२४ चा मानतात. घरी तेलाचा घाणा, लिहिणं-वाचणं आणि हिशेब येत होता. चाकणला तुकोबांचं कीर्तन ऐकलं आणि पुढे ते त्यांच्या १४ टाळकऱ्यांपैकी एक झाले. तुकोबा अभंग म्हणायचे, संताजी उतरवून घ्यायचे. तुकोबा प्रायमरी, वही स्टँडबाय. गायलं गेलं पण अजून उतरलं नाही, तो लॅग. कीर्तन काही लिहिणाऱ्यासाठी थांबत नाही, म्हणजे हे असिंक्रोनस रेप्लिकेशनच झालं!

मग आपत्ती आली. रामेश्वर भटांच्या सांगण्यावरून वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि १३ दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, असं परंपरा सांगते. त्या श्रद्धेशी माझा वाद नाही. संताजींनी अभंग आठवून पुन्हा लिहून काढले, असंही सांगतात, आणि मला तो भाग जास्त भावतो. डेटा एकाच नदीकाठी नव्हता. चाकणला होता, गावोगावच्या लोकांच्या तोंडी होता. दोन्ही सर्व्हर एकाच इमारतीत ठेवणाऱ्यांनी हे जरा वाचावं.

१६५० मध्ये तुकोबा गेले. प्रायमरी कायमचा बंद, आता वहीच मूळ. याला आम्ही प्रमोट करणं म्हणतो. संताजींचा मुलगा बाळाजी यानेही वह्या लिहिल्या. संताजींची समाधी मावळात सुदुंबरे इथे आहे.

या जगनाडे वह्यांवरून वि. ल. भावे यांनी १९१९ च्या सुमारास 'अस्सल गाथा' छापली. तिच्यात अभंग साधारण १३००. सरकारी मदतीने १८७३ मध्ये पूर्ण झालेल्या गाथेत मात्र ४५०० हून जास्त! मधल्या काळात कुणी काय घातलं, वहीत काय यायचं राहिलं, यावर अभ्यासक अजून भांडतात. रेप्लिकेशन इथे मदत करत नाही. चुकीची ओळ प्रायमरीत शिरली की ती स्टँडबायमध्येही तितक्याच इमानाने जाते, आणि चुकून केलेलं डिलीटसुद्धा. त्यासाठी जुन्या तारखेचा बॅकअप वेगळा ठेवावा लागतो. गाथेच्या बाबतीत तो बॅकअप म्हणजे याच जुन्या वह्या.